लग्नाचा खर्च कोणाच्या पदरीं?

“दोन्ही अंगांनीं लग्न करून देऊं.” आमच्या जालना जिल्ह्यांत सोयरिकीच्या बैठकींत मुलीच्या बापाला हें वाक्य बोलावें लागतें, आणि तें बोलल्याशिवाय बहुधा सुपारी फुटत नाहीं. बाहेरगांवच्या वाचकांसाठीं अर्थ सांगतों. लग्नाला दोन अंगें, एक मुलीचें व एक मुलाचें. दोन्ही अंगांनीं करून देणें म्हणजे मुलीकडचा मांडव, जेवण व कपडा तर बापानें करावयाचाच. शिवाय मुलाकडच्या वऱ्हाडाचें जेवण, नवरदेवाचा पोशाख, त्याच्या आईबहिणींचीं लुगडीं, वाजंत्री आणि गाड्यांचें भाडें हेंही त्यानेंच सोसावयाचें. मुलाच्या बापानें काय आणावयाचें? मुलगा. मंगळसूत्राचे चार मणी तेवढे त्याचे, आणि तेही कोठें कोठें मुलीच्याच बापाच्या पैशांतून घडतात.

गांवांत ज्याचें अक्षर बरें त्याला याद लिहावयास बोलावतात, म्हणून वीस वर्षें हें काम माझ्याकडे येतें. यादींत हुंडा हा शब्द कधींच नसतो. तेथें ‘पोशाख’ असतो, ‘संसार’ असतो, ‘मानपान’ असतो, आणि मोटारसायकल असेल तर ‘पोराच्या सोयीसाठीं’ असें तोंडानें सांगतात, लिहूं देत नाहींत. बस्ता कोणत्या दुकानांत बांधावयाचा, वऱ्हाड किती माणसांचें, बुंदी कीं आणखी एक गोड, हें सारें ठरतें. बायका आंत माजघरांत असतात. ज्या पोरीचें लग्न ती चहा देऊन गेलेली असते. हें सारें कोणीं ठरविलें असें विचारलें कीं उत्तर येतें, “रीत आहे गुरुजी, बापजाद्यांपासून चालत आली.”

बंधूंनो, मला ह्या ‘बापजाद्यांपासून’ शब्दाशींच भांडावयाचें आहे.

आमच्या कष्टकरी घरांची जुनी रीत ही नव्हतीच. कुणबी, माळी, धनगर, तेली, कुंभार अशा किती तरी जातींत एके काळीं देज चालत असे. आमच्या बोलींत त्याला द्याज म्हणत. मुलाचा बाप मुलीच्या बापाला रोख, धान्य किंवा जनावर देई, आणि लग्नाचा मोठा भार मुलाकडे असे. कारण उघड होतें. मुलगी म्हणजे खुरपणीचे, वेचणीचे, दळणाचे दोन हात. ते एका घरांतून दुसऱ्या घरीं जात, तर ज्याच्या घरीं ते आले त्यानें कांहीं द्यावें, असा तो हिशेब. हुंडा होता तो ब्राह्मणांत, सावकारांत, आणि कुळाचा ताठा मिरविणाऱ्या देशमुखी-पाटिलकीच्या घरांत. त्यांचें पाहून आम्हीं तो उचलला. पोर शिकलें, नोकरीला लागलें, कीं पहिली गोष्ट आमच्या घरांत कोणती शिरली असेल तर ती हुंडा.

देज चांगलें होतें असें मात्र कोणी समजूं नये. पैशाच्या लोभानें कोवळ्या पोरी म्हाताऱ्या बिजवरांच्या गळ्यांत बांधल्या गेल्या, आणि ‘देज दिलें आहे’ म्हणून सासरीं त्यांना जनावरासारखें राबविलें, हेंही तितकेंच खरें आहे. तें परत यावें असें मी म्हणत नाहीं. मी एवढेंच म्हणतों, कीं ज्या गोष्टीला तुम्ही सनातन म्हणतां ती फार जुनी नाहीं, आणि जी जुनी होती ती नेमकी उलटी होती.

विधवेचा किंवा सोडलेल्या बाईचा पाट लागे, त्याकडेही पाहा. चार जाणते, एक लुगडें, थोड्या बांगड्या, गुळाचा खडा, झालें. दोघेही जाणते असत, खर्च बहुतेक पुरुषाचा असे, आणि कोणाचें शेत गहाण पडत नसे. उच्च म्हणविणारे ह्या पाटाला हंसत. आज त्यांच्याच शहरांतल्या शिकलेल्या पोरी-पोरांनीं कचेरींत जाऊन तीन साक्षीदारांसमोर सही केली कीं आम्ही त्याला सुधारणा म्हणतों!

जुन्या लग्नांत खर्चाचा आणखी एक वाटेकरी होता, तो म्हणजे गांव. मांडवाच्या मेढी व डहाळे शिवारांतून येत. कुंभार ऐरणीचीं मडकीं देई, सुतार पाट-चौरंग करी, परीट पायघड्या घाली, माळी मुंडावळ्या आणी, गुरव पत्रावळी लावी, न्हावी नवरदेवाच्या सेवेला उभा राही. ज्याला त्याला धान्य, पागोटें, खण, जेवण मिळे. आठ-आठ दिवस बायका एकमेकींच्या जात्यावर बसत. पंगतीचीं भांडीं घरोघरचीं गोळा होत, आणि कोणाचा तांब्या कोणता तें ओळखूं यावें म्हणून त्यावर नांव घातलेलें असे. आहेर वहींत लिहिला जाई आणि देणाऱ्याच्या घरीं कार्य निघालें कीं तेवढाच किंवा थोडा वाढवून परत जाई. ही आमची बिनव्याजी पतपेढी होती. ह्या व्यवस्थेंतही जातीचा विटाळ भरलेला होता. ज्यांनीं दिवसभर हलगी वाजविली त्यांना जेवण शेवटीं आणि लांब बसवून मिळे, तें आम्हांला विसरतां येणार नाहीं. पण खर्च एका माणसाच्या मानेवर पडत नसे, एवढें त्यांतलें घेण्यासारखें आहे.

आतां काय झालें आहे? विटाळ सगळा गेला नाहीं, मदत मात्र गेली. मांडव कंत्राटदाराचा, जेवण आचाऱ्याचें, जागा मंगल कार्यालयाची, वाजंत्री डीजेची, फेटे बांधणारा वेगळा, फोटोवाला वेगळा आणि त्यावर आकाशांत उडणारा कॅमेरा वेगळा. कुंभाराचीं मडकीं अजून लागतात, पण त्याच्याशीं दहा रुपयांसाठीं घासाघीस करणारा यजमान डीजेवाल्यापुढें मुकाट्यानें नोटा मोजतो. शेतकऱ्याच्या लग्नाचा पैसा पूर्वीं गांवच्या कारागिरांत फिरे. आज तो शहरांत जातो आणि गांवांत फक्त कर्ज राहतें.

रीत ही रीत नसून बाजारभाव आहे, ह्याचा पुरावा आमच्याच आळींत आहे. मुलगा सरकारी नोकरींत असला कीं मुलीचा बाप दोन्ही अंगें उचलतो. तोच मुलगा तीन एकर कोरडवाहूचा धनी असला कीं त्याला तिशी उलटली तरी मुलगी मिळत नाहीं. २१ डिसेंबर २०२२ रोजीं सोलापुरांत लग्नाळू तरुणांनीं बाशिंग बांधून, कांहींनीं घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला, तो वाचकांच्या ध्यानांत असेल. गर्भांतच मुली मारल्या त्याचें हें पीक आहे. अशा मुलाचा बाप काय करतो? तो स्वतः दोन्ही अंगें सोसतो, मध्यस्थाला पैसे चारतो, मुलीच्या बापाच्या हातांतही कांहीं ठेवतो, आणि कधीं कधीं नवरी चार दिवसांत दागिन्यांसह नाहींशी होते. म्हणजे एकाच गांवांत, एकाच जातींत, एकाच वैशाखांत दोन उलट्या रिती चालतात. ज्याची गरज अडली त्यानें द्यावयाचें, ही ती रीत! मोंढ्यांत आमच्या कापसाला जें होतें तेंच आमच्या पोरापोरींना होतें, आणि अडत्याला शिव्या देणारे आम्ही येथें स्वतः अडते होतों.

आतां थोडा हिशेब करूं. २०२५-२६ च्या हंगामासाठीं मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये ठरला. कोरडवाहू एकरीं पांच क्विंटल धरले तर तीन एकरांत पंधरा क्विंटल, म्हणजे १,१५,६५० रुपये. त्याच २०२५ सालीं सोन्याच्या तोळ्यानें लाखाचा आकडा ओलांडला. म्हणजे यादींत जेथें ‘एक तोळा’ असें दोन शब्दांत लिहितात, तेथें तेरा क्विंटल कापूस लिहिलेला असतो. उरले दोन क्विंटल. त्यांत बियाणें, खत, फवारणी, वेचणी आणि वर्षाचें पोट भागवावयाचें. त्या सालच्या सप्टेंबरांत मराठवाड्याचीं पिकें पाण्याखालीं गेलीं, सोयाबीन जागेवर कुजली. त्यानंतरच्या लगीनसराईंत मीं लिहिलेल्या यादींतून एकही कलम गळलें नाहीं. बाकीचा पैसा सावकाराकडून आला. शेकडा तीन रुपये महिना हा दर धरा. तीन लाखांचें वर्षाचें व्याज १,०८,००० होतें. मुद्दल जागेवरच.

मंठा, घनसावंगी, अंबड, परतूर ह्या भागांतून दिवाळीच्या सुमारास उसतोडीला जाणाऱ्या घरांत तर वेगळीच वांटणी झाली आहे. मुकादम जोडप्याला धरतो. नवरा-बायको मिळून त्याला एक ‘कोयता’ म्हणतात आणि कोयत्याला उचल मिळते. मुलाचें लग्न झालें कीं एक कोयता वाढला. मग लग्न त्या उचलीवरच होतें. कागदावर खर्च बापाचा, पण फेडतात तीं दोघें नवीं पोरें, पहांटे चार वाजल्यापासून थंडींत उसाच्या फडांत. हळदीचा रंग उतरण्यापूर्वीं त्यांच्या अंगावर कर्ज चढलेलें असतें आणि यादीच्या बैठकींत त्यांना कोणीं एक शब्द विचारलेला नसतो.

ह्याच टंचाईंतून पोरींचीं कोवळ्या वयांत लग्नें होतात. थोरलीच्या मांडवांतच धाकटीला उभी करतात. एकाच जेवणांत दोघी ‘उरकतात’. पोर लहान तर मागणी कमी, असाही भाव आहे. २००६ च्या कायद्यानें मुलीचें वय १८ व मुलाचें २१ ठरविलें. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांत २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांपैकीं सुमारें २२ जणींचें लग्न अठराच्या आंत झालेलें आढळलें, आणि आमच्या शेजारच्या परभणी व बीड जिल्ह्यांत तर चाळीसच्या वर. सातवींत पहिली आलेली पोर आठवींच्या पटावर नसते तेव्हां मी तिच्या घरीं जातों. बाप म्हणतो, “गुरुजी, एका खर्चांत दोन झालीं.” २०१७ च्या एप्रिलांत लातूर जिल्ह्यांत एका शेतकऱ्याच्या एकवीस वर्षांच्या पोरीनें विहिरींत उडी घेतली. आपल्या लग्नाला बापाकडे पैसा नाहीं, त्याच्यावरचें ओझें कमी व्हावें, असें ती लिहून गेली.

मुलीच्या बापाची बाजू घेतां घेतां त्याचीही एक लबाडी सांगितली पाहिजे. मुलीचा वाटा लग्नांत दिला, असें तो व त्याचे मुलगे म्हणतात. महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि साऱ्या देशानें ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदु कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतींत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तो जन्मानेंच मिळतो, त्या दिवशीं बाप जिवंत असो वा नसो, असें सुप्रीम कोर्टानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं सांगितलें. आमच्याकडे काय होतें? बाप वारला कीं बहिणींना माहेरीं बोलावतात, पुरणपोळी करतात, आणि तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतात. बहीण कुरकुरली तर ऐकवितात, “तुझ्या लग्नांत खर्च केला नाहीं का?” आतां ह्या खर्चांतलें तिला काय मिळालें? बुंदी वऱ्हाडानें खाल्ली, पैसे सासऱ्यानें घेतले, मोटारसायकल नवऱ्यानें फिरविली, मानपान नणंदेनें नेला. तिच्या हातीं उरलें एक कपाट व भांडीं, त्यांवरही नांव बापाचें! जो खर्च तिच्यावर झालाच नाहीं, त्याच्या बदल्यांत तिची जमीन लिहून घेतली जाते. हुंडा मागणारा सासरा चोर आहे खरा. पण तो देऊन बहिणीचा वाटा गिळणारा भाऊ तरी साव कसा?

कोणी म्हणतील, मास्तर शेतकऱ्याच्या कर्जाचा दोष लग्नांवर टाकतो. तसें नाहीं. ही हाकाटी साहेबाच्या काळापासून आहे. १८७५ सालीं सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा उसळला, तेव्हांही शेतकरी लग्नांत उधळतो म्हणून बुडतो असें पोटभरलेले लोक सांगत. चौकशी करणाऱ्या कमिशनानेंच लिहिलें, कीं लग्नखर्चाच्या कारणाला वाजवीपेक्षां जास्त महत्त्व दिलें जातें. आणि १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या पुस्तकांत जोतीराव फुल्यांनींही त्या आरोपाला खरमरीत उत्तर दिलें. कापसाला भाव नाहीं, पाण्याचा भरंवसा नाहीं, हीं मोठीं कारणें आहेत व तीं लग्न साधें केल्यानें जाणार नाहींत. पण ज्या जोतीरावांनीं तो आरोप परतविला, त्यांनींच २४ सप्टेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाज स्थापिला आणि २५ डिसेंबर १८७३ रोजीं पुण्यांत सीताराम आल्हाट व राधा ह्यांचें लग्न भटाशिवाय, थोड्या खर्चांत लावून दिलें. सावित्रीबाई त्या कामांत पुढें होत्या. आमचा मुलूख तेव्हां निजामाकडे होता, तो १७ सप्टेंबर १९४८ ला सुटला. ही लाट आमच्यापर्यंत उशिरां आली. आली तीही अर्धीच. दक्षिणेचे चार आणे वाचविण्याचें आम्ही शिकलों, आणि त्याच्या हजारपट डीजेच्या भोंग्यांत ओतूं लागलों.

कायदा आहे. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यानें घेणें गुन्हा आहे तसें देणेंही गुन्हा आहे, आणि शिक्षा साधारण पांच वर्षांखालीं नाहीं. कोणीं घेतलाच तर तो तीन महिन्यांच्या आंत त्या मुलीच्या स्वाधीन केला पाहिजे, असेंही त्यांत आहे. हें किती जणांना ठाऊक आहे? आणि गंमत पाहा, कायद्यालाही याद हवी आहे! १९८५ च्या नियमांप्रमाणें मुलीला मिळालेल्या भेटींची यादी मुलीनें ठेवावी, मुलाला मिळालेल्यांची मुलानें. वस्तु कोणती, अंदाजें किंमत किती, कोणीं दिली, त्याचें नातें काय, तें लिहावें व दोघांनीं सही करावी. आमची याद लग्नाआधीं होते, मुलाच्या बापाच्या खिशांत राहते आणि तिच्यावर नवरीची सही नसते. कायद्याची यादी मीं ह्या वीस वर्षांत एकाही घरांत पाहिली नाहीं.

मग वांटणी कशी असावी? माझें मत सरळ आहे. ज्याचे पाहुणे त्यानें जेवूं घालावे. मुलाकडचीं दोनशें माणसें आलीं तर त्यांच्या ताटांचे पैसे मुलाच्या बापानें द्यावे. मग बघा वऱ्हाड आपोआप पन्नासावर येतें कीं नाहीं! कपडा ज्याचा त्यानें घ्यावा. सोनें दोन्ही घरांनीं ऐपतीप्रमाणें घालावें, पण पावती मुलीच्या नांवाची. दोघें मिळवतीं असतील तर मांडवाचा खर्च त्यांनीं आपल्या कमाईंतून करावा, म्हणजे डीजे हवा कीं शेळ्या घ्यावयाच्या हें त्यांचें त्यांना कळेल. पोरगी दवाखान्यांत किंवा कारखान्यांत काम करून जें जमविते तेंही आज तिच्याच हुंड्यांत जातें, ह्यासारखा अन्याय नाहीं. आणि याद व्हावयाचीच असेल तर नवरा-नवरी व दोघांच्या आया समोर बसून व्हावी. आईला माजघरांत ठेवून तिच्या अंगावरच्या डोरल्याचा सौदा करूं नये.

सामुदायिक लग्नांविषयीं विचारतात. चांगलीं आहेत. शेतकरी-शेतमजुरांच्या मुलींसाठीं सरकारची शुभमंगल योजना आहे. तिचें अनुदान पूर्वीं दहा हजार होतें, तें २०२४ सालीं पंचवीस हजार केलें. पण सकाळीं सामुदायिक मांडवांत फुकट लग्न लावून संध्याकाळीं गांवांत वेगळी पंगत व मागच्या दारानें रोख, असें झालें तर तो पुढाऱ्याच्या फोटोचा समारंभ होतो. त्यापेक्षां सुट्टीच्या दिवशीं शाळेच्या पटांगणांत लग्न लावावें, वरण-भात, वांग्याची भाजी व बुंदी करावी, आणि ग्रामपंचायतींत नोंद करून दाखला घ्यावा. नोंद चुकवूं नका. पुढें वारसाला, रेशनला, कोर्टाला तोच कागद लागतो.

लोक नांवें ठेवतील हें खरें. सर्वांत आधीं मुलाच्या आत्याला साडी हलकी वाटेल. ठेवूं द्या. ज्यांनीं नांवें ठेविलीं त्यांपैकीं एकही जण हप्ता फेडावयास येत नाहीं.

ज्या गांवीं खर्च दोन्ही घरांनीं वांटून लग्न झालें असेल, तेथील बंधुभगिनींनीं ह्या पत्राकडे हिशेब लिहून पाठवावा. नांवगांव छापण्याची गरज नाहीं. जेवणाला किती, कपड्याला किती, कोणीं किती दिले, कर्ज निघालें कीं नाहीं आणि निघालें तर कोणाच्या नांवावर, एवढें पुरें. मुलीच्या अंगावर काय पडलें व तिच्या नांवावर काय झालें, हीं दोन कलमें वेगळीं लिहावीं.

— एक शाळामास्तर, भोकरदन तालुका